टेपचे दुसरे टोक: वस्तीत काम करणाऱ्या एका तरुण संस्थेतली पाच महिन्यांची इंटर्नशिप

वास्तुरचनेच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात एक सत्र महाविद्यालयाबाहेर, प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी काढावे लागते. आमच्या वर्गातल्या बहुतेकांनी त्यासाठी बाणेर-बालेवाडीतली आणि मुंबईच्या फोर्टमधली नावाजलेली कार्यालये गाठली. मी जानेवारी ते मे असे पाच महिने पुण्यातल्या एका ना-नफा संस्थेत इंटर्न म्हणून काम केले. वस्तीतल्या लोकांना बरोबर घेऊन त्यांच्या घरांची, अंगणवाड्यांची आणि शौचालयांची रचना करणे हे या संस्थेचे काम, आणि मी रुजू झाले तेव्हा तिला जेमतेम तीन वर्षे झाली होती. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि सहा जणांच्या संस्थेविरुद्धची तक्रार शेवटी त्या सहा माणसांच्याच नावावर जमा होते. मात्र अशा संस्थेत जाऊ पाहणाऱ्यांना उपयोग होईल एवढा तपशील देते, आणि माझे मत आधीच सांगून टाकते: येथे मोजायला उत्तम शिकता येते, बांधायला जवळजवळ नाही.

मला तेथे जावेसे वाटले ते येरवड्यामुळे. दुसऱ्या वर्षात आम्हांला येरवड्यातल्या वस्त्यांमधली घरे पाहायला नेले होते. २००५ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या केंद्राच्या नागरी पुनरुत्थान योजनेतून ही घरे झाली. वस्ती सपाट करून सगळ्यांना सात मजली इमारतीत कोंबण्याऐवजी तेथे मोडकळीला आलेली कच्ची घरे तेवढी पाडली आणि त्याच जागी, शेजार न मोडता, प्रत्येकी २७० चौरस फुटांची पक्की घरे बांधली. घरामागे ३ लाख रुपये धरले होते आणि त्यांतला दहा टक्के वाटा कुटुंबाने उचलायचा होता. स्पार्क ही स्वयंसेवी संस्था, महिला मिलन हे वस्तीतल्या बायकांच्या बचतगटांचे जाळे आणि वास्तुरचनाकार प्रसन्न देसाई यांचे ते काम. त्या बोळांत फिरताना एका मजल्यावर काही फूट पुढे आलेली खोली आणि तिच्या सावलीत गहू निवडत बसलेल्या बायका पाहिल्या, तेव्हा हा जिना येथेच का आला, हा कोपरा कापला कसा, असे प्रश्न पडले. त्यांची उत्तरे वर्गात मिळणारी नव्हती.

संस्थेचे कार्यालय एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत आहे. सकाळी अकरा ते एक गिरणी चालू असते. त्या वेळात जमीन किंचित थरथरते आणि लॅपटॉपच्या कळांवर पिठाचा पातळ थर बसतो. त्यामुळे बैठका त्याच वेळात ठेवायच्या आणि नकाशे दुपारनंतर काढायचे, असा तेथला अलिखित नियम आहे. दोन संस्थापक वास्तुरचनाकार, एक समाजकार्य शिकलेली समन्वयक, एक स्थापत्य अभियंता, आठवड्यातून दोन दिवस येणारे हिशेबनीस आणि वस्तीतच राहणाऱ्या एक ताई एवढा सारा कारभार. कायद्याने ही कलम ८ खालची कंपनी आहे, म्हणजे नफा वाटून घेता येत नाही. पैसा मुख्यतः कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून येतो. या निधीचा परिणाम इंटर्नच्या दिवसावर कसा होतो, ते पुढे सांगते.

पहिले तीन आठवडे मला फक्त घरे मोजायला लावली. कोणा देणगीदाराने दिलेला लेझर मीटर संस्थेकडे होता आणि पहिल्या दिवशी मी तो ऐटीत घेऊन गेले. दहा बाय बाराच्या खोलीत एका भिंतीला टेकवून बटण दाबले, तर आकडा आला १.४३ मीटर. किरण समोरच्या भिंतीपर्यंत पोचलाच नव्हता, मध्ये दोरीवर वाळत घातलेल्या शाळेच्या गणवेशावर तो अडला होता. गणवेश बाजूला केला, तर पुढे घडवंचीवरच्या गोधड्या होत्या. अशा घरात दिसणारी मोकळी भिंत नसतेच. भिंतीला मांडणी असते, मांडणीच्या वर देव, देवांच्या बाजूला टीव्ही आणि खाली पाण्याचे पिंप. म्हणून मग साधा पोलादी टेप काढावा लागतो. टेपला दोन टोके असतात, त्यामुळे दुसरे टोक धरायला घरातलेच कोणीतरी लागते, आणि या संस्थेची खरी कार्यपद्धती त्या दुसऱ्या टोकाला सापडते.

तिसऱ्या की चौथ्या घरात टेप धरायला एक आजी उभ्या राहिल्या. मी डाव्या भिंतीला टेप लावला तशा त्या म्हणाल्या, "तिथून नको मापू पोरी, ती भिंत आमची न्हाई. शेजाऱ्याची हाय. आमची आत व्हती, ती पाडली, तवा कुठं ही शेगडी बसली." एक वीट-जाडीची स्वतःची भिंत पाडून त्यांनी नऊ इंच मिळवले होते, आणि त्यांच्या माळ्याच्या दोन लाकडी तुळया आता शेजाऱ्याच्या भिंतीत घुसवलेल्या होत्या. उद्या शेजाऱ्याने घर नव्याने बांधायला काढले तर आजींचा माळा खाली येणार. लेझरने मोजले असते तर खोलीची रुंदी अचूक मिळाली असती आणि हे अजिबात कळले नसते. संध्याकाळी मी ते समन्वयकताईंना सांगितले. त्यांनी आधीच्या इंटर्नने काढलेला त्या ओळीचा नकाशा काढून दिला. त्यात सगळ्या भिंती एकाच जाडीच्या काळ्या रेघांनी दाखवल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून आम्ही भिंतीचा मालक कोण ते रंगाने दाखवू लागलो: एका घराच्या मालकीच्या भिंती एका रंगात, सामायिक भिंती तुटक रेघेत, आणि ज्यांबद्दल दोन्ही घरे वेगवेगळे सांगतात त्या लाल. लाल रेघा जेथे दाट, तेथे पुढे बैठक घ्यावी लागते. पाच वर्षांच्या शिक्षणात भिंतीविषयी इतकी उपयोगी गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती.

मोजलेल्या नकाशाचा कायदेशीर उपयोगही तेथेच समजला. झोपडपट्टी सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकासाचा आपला अधिनियम १९७१ चा आहे, आणि वस्ती त्याखाली घोषित झालेली आहे की नाही यावर नळ, गटार आणि घराच्या हक्काचे बरेच काही अवलंबून असते. अघोषित वस्तीत महापालिकेकडे काही मागायचे तर आधी आपण येथे आहोत हेच कागदावर दाखवावे लागते. पुण्यात हे काम नवे नाही. शेल्टर असोसिएट्स ही संस्था १९९३ पासून वस्त्यांचे नकाशे आणि घरोघरची माहिती एकत्र मांडत आली आहे आणि घरटी एक शौचालय हा आग्रह त्या नकाशांच्या जोरावरच धरत आली आहे. आमची संस्था त्या मानाने कालची. पण जुन्या मंडळींनी कोणत्या वस्तीत काय केले याचा अभ्यास आपल्या इंटर्नकडून करून घेण्याची तिची पद्धत मला आवडली, कारण तरुण संस्थांना आपल्यापासूनच इतिहास सुरू होतो असे वाटण्याची खोड फार असते.

दुसरी गोष्ट, जी या संस्थेत पाहावीच, ती म्हणजे फक्कीची बैठक. एका ओळीतल्या चार घरांची पुनर्बांधणी ठरत होती. मी पुठ्ठ्याची प्रतिकृती केली, छप्पर उचलता येईल अशी, आणि खरे सांगायचे तर तिच्यावर मी खूश होते. बायकांनी ती हातात घेतली, कौतुक केले, कोणाच्या तरी धाकट्याने त्यातला जिना उपटला, आणि रचनेविषयी एकही शब्द कोणी बोलले नाही. मग संस्थेतल्या, वस्तीतच राहणाऱ्या ताई म्हणाल्या, समाजमंदिरासमोर फक्की मारू. कबड्डीच्या मैदानाला मारतात तीच पांढरी फक्की, दोरी आणि चार खिळे घेऊन आम्ही खालच्या मजल्याचा आराखडा जमिनीवर खऱ्या मापाने आखला. दारांच्या जागा मोकळ्या सोडल्या, ओट्याच्या जागी दोन बाकडी ठेवली, आणि सगळ्यांना घरात "राहायला" सांगितले.

दहा मिनिटांत रचना उघडी पडली. मोरीचे दार ओट्याकडे उघडत होते, म्हणजे एक जण अंघोळ करून बाहेर येताना स्वयंपाक करणारीला बाजूला व्हावे लागत होते. पिंपाला जागाच नव्हती. मी नळ घरात आणला होता, म्हणून पिंप गाळले होते. त्यावर एका काकूंनी शांतपणे विचारले की पाणी पहाटे एकच तास येते हे मला ठाऊक आहे का. जिन्याखाली मी "साठवण" असे लिहिले होते. एक जण तेथे जाऊन बसली, डोके वर आपटल्याचा अभिनय केला, आणि सगळ्या हसल्या. मग तिने स्वतःच फक्कीची रेघ पायाने पुसून मोरी जिन्याखाली सरकवली, कारण बसून अंघोळ करणाऱ्याला पूर्ण उंची लागत नाही, फक्त दाराशी लागते. ती दुरुस्ती अखेरच्या नकाशात तशीच राहिली. भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी ऐंशीच्या दशकात कापड आणि साड्या लावून खऱ्या मापाची घरे उभी करून पाहिली होती, ती परंपरा येथे फक्कीच्या रूपाने आली आहे, हे मला नंतर समन्वयकताईंनी सांगितले. ज्यांना नकाशा वाचता येत नाही त्यांना नकाशा वाचायला शिकवत बसण्यापेक्षा हे किती तरी सरळ आहे.

अंगणवाडीच्या कामात मात्र आम्ही हीच गोष्ट विसरलो. सुमारे पंधरा बाय अठराची एक खोली, तिचे नूतनीकरण करायचे होते. मुलांना बसल्या जागेवरून बाहेर दिसावे म्हणून मी खिडकीची खालची कड जमिनीपासून दीड फुटावर घेतली, भिंतीत बसायचे कोनाडे केले, आणि संस्थापकांना ते फार आवडले. सेविकाबाईंना नकाशा दाखवला तेव्हा त्यांनी दोनच प्रश्न विचारले: वजनकाटा टांगायचा हूक कुठे आहे, आणि आहाराची पाकिटे उंदरांपासून कुठे ठेवायची? अंगणवाड्या ज्या एकात्मिक बालविकास योजनेतून आल्या ती २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. मुलांना झोळीत बसवून वजन करणे आणि पूरक आहार देणे ही अंगणवाडीची नेहमीची कामे आहेत, आणि आमच्या आराखड्यात त्या दोन्ही कामांना जागा नव्हती. हूक नंतर बसवला. छत जुने असल्यामुळे तो ऐनवेळी भिंतीतून काढलेल्या लोखंडी कैचीवर घ्यावा लागला, आणि त्या देखण्या खिडकीसमोरच बाळे आता लोंबकळतात. सेविकाबाई मोठ्या मनाच्या. त्या म्हणाल्या, बरे झाले, बाहेर बघताना रडत नाहीत.

आता तक्रारी.

सर्वांत मोठी तक्रार देखरेखीची आहे. मोठ्या कार्यालयात इंटर्नच्या नकाशावर कोणीतरी लाल पेन चालवते, चिडते, पुन्हा काढायला लावते, आणि त्यातूनच हात तयार होतो. येथे दोन्ही संस्थापक निम्मा वेळ निधीच्या मागे असतात. ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करण्याचे बंधन आहे आणि त्या खर्चाचा हिशेब आर्थिक वर्षाने चालतो. त्यामुळे फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत संस्थेत वास्तुरचना जवळजवळ थांबते आणि अहवाल सुरू होतात. ते सहा आठवडे मी "पूर्वी" आणि "नंतर"ची छायाचित्रे शेजारी शेजारी लावण्यात घालवले. पायऱ्यांचा तपशील, छज्याची सळई, सांडपाण्याच्या चेंबरचा उतार यांवर मी काढलेले नकाशे अभियंत्यांनी वेळ मिळेल तसे पाहिले, कधी मिस्त्रीनेच जागेवर सुधारले. पाच महिन्यांत मी एकही घर पायापासून स्लॅबपर्यंत पाहिले नाही. फक्कीवर आखलेली ती चार घरे मी निघाले तेव्हा वॉर्ड ऑफिसात कागदावरच होती.

अनुभव कमी असला की उत्साह कुठे नेतो त्याचा एक नमुना देते. शौचालयाच्या एका भिंतीसाठी रॅट ट्रॅप बाँड वापरायचे ठरले. वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केरळात वीटकामाची ही पद्धत लोकप्रिय केली: विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या करायच्या, म्हणजे मध्ये पोकळी राहते आणि सुमारे पंचवीस टक्के विटा वाचतात. शिकताना आम्ही सगळेच तिच्या प्रेमात पडतो. मिस्त्रींनी दोन थर लावून पाहिले, पोकळीत वाकून बघितले आणि विचारले, "मॅडम, उंदराला कशाला बंगला बांधायचा?" विनोद सोडला तरी मुद्दा खरा होता. या पद्धतीला एकसारख्या मापाच्या, धारदार कडांच्या विटा लागतात. आमच्याकडे आलेल्या विटांत अर्ध्या-पाऊण इंचाचा फरक होता, त्यामुळे जे विटांत वाचले ते सिमेंटात गेले. शिवाय वस्तीतले घर भिंतीवर टांगलेले असते. पोकळ भिंतीत मांडणीचा खिळा कुठे धरणार, हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाच आधी पडला नव्हता. अनुभवी वास्तुरचनाकार शेजारी असता तर हे आठवडाभराच्या मजुरीआधीच कळले असते.

मानधन महिना ८,००० रुपये ठरले होते. खोलीभाडे आणि डबा यांतच ते संपते, पण तक्रार रकमेची नाही. पहिल्या दोन महिन्यांचे मानधन एप्रिलमध्ये मिळाले, कारण निधीचा हप्ता अडकला होता. पुण्यात घर नसलेल्या मुलीने या भरवशावर येऊ नये. अनुभवाचे प्रमाणपत्र मिळायला आणखी सात आठवडे लागले. महाविद्यालयाला ते नोंदणीकृत वास्तुरचनाकाराच्या सहीने हवे होते, दोघांपैकी एकाच संस्थापकाची वास्तुरचना परिषदेकडची नोंदणी चालू होती, आणि ते नेमके तेव्हा गावाला गेले होते. सामाजिक काम करतो म्हणून कागदपत्रे सैल ठेवली तरी चालतात, हा समज अशा संस्थांनी सोडायला हवा.

छायाचित्रांचा विषयही काढायलाच हवा. अहवालासाठी माणसे असलेली छायाचित्रे लागतात आणि ती काढण्याचे काम इंटर्नवर पडते. संमतीचा छापील अर्ज आहे, पण तो इंग्रजीत होता. मी तो मराठीत करून दिला तेव्हा ज्यांच्या आधी सह्या होत्या त्यांच्यापैकी दोघींनी नकार दिला, आणि संस्थेने त्यांची छायाचित्रे खरोखरच काढून टाकली. ही नोंद मी संस्थेच्या खाती जमा करते. चूक दाखवली तर येथे ऐकून घेतात. सहा माणसांत ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नसते हेही आहेच.

मे महिन्यातल्या शनिवारच्या सल्ला केंद्राविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण तेवढ्यापुरते मला आपण वास्तुरचनाकार झाल्यासारखे वाटले. पावसाळ्याआधी वस्तीत सगळीकडे पत्रे बदलणे चालू असते. समाजमंदिरात एक टेबल टाकून बसायचे, लोक मोबाइलवर छताचे छायाचित्र घेऊन येतात आणि विचारतात. एकाच बाजूने उघड्या असलेल्या घरात दुपारीही दिवा लागतो. पत्रे नाहीतरी काढलेच आहेत, तर एक पारदर्शक पत्रा मध्ये टाका, वरच्या कडेला चार बोटे फट ठेवून तिला बारीक जाळी मारा, पत्र्यावर पत्रा चढतो तो निदान सहा इंच चढू द्या, आणि पत्र्याचा हूक नेहमी उंचवट्यावर मारा, खोलगटात मारला की तेथूनच गळते. एवढाच सल्ला. त्याला नकाशा लागत नाही आणि फी तर नाहीच. पुढच्या शनिवारी एक काका आले आणि घरात आता पेपर वाचता येतो असे सांगून, काही न विचारता परत गेले.

कोणी जावे? ज्यांनी याआधी एखाद्या साध्या, बांधकाम चालू असलेल्या कार्यालयात सुट्टीत का होईना दोन महिने काढले आहेत, त्यांनी जरूर जावे. ज्यांना अजून चेंबर आणि सांडपाण्याच्या नळाचा उतार काढता येत नाही त्यांनी आधी तो शिकून घ्यावा, कारण वस्तीतल्या माणसांच्या घरावर हात साफ करून घेणे योग्य नाही. मुलाखतीत तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: माझ्या नकाशावर सही कोण करणार, माझ्या इंटर्नशिपच्या काळात कोणते बांधकाम प्रत्यक्ष चालू असणार, आणि मानधन निधीवर अवलंबून आहे की नाही. उत्तर देताना ते गोंधळले तरी नाराज होऊ नये. आमच्या संस्थापकांनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले नव्हते, आणि तरीही मी गेले. पुन्हा जाईन का, तर जाईन, पण जूनमध्ये, जेव्हा अहवाल संपलेले असतात आणि पाणी कुठे साचते ते डोळ्यांनी दिसते.

जाताना स्वतःचा पाच मीटरचा पोलादी टेप न्यावा, संस्थेतल्या टेपचे पहिले तीन इंच तुटलेले आहेत आणि ते कोणी सांगत नाही. बूट मात्र नेऊ नयेत. दिवसातून वीस उंबऱ्यांबाहेर ते काढावे लागतात.